तिसरं सील

शिरवळला चहाला थांबलो की मी माझ्या ट्रकभोवती एक चक्कर मारतो. हाताची मागची बाजू चाकाच्या प्रत्येक ब्रेक ड्रमजवळ धरून ऊब बघायची, ही वडिलांनी लावलेली सवय. तळहात कधी धरायचा नाही, चुकून भाजलाच तर स्टिअरिंग कशानं धरणार? खंबाटकीचा बोगदा ओलांडून, ते एस वळण उतरून आलेली, दहा टन हळद भरलेली गाडी. ड्रम तापलेले असणारच. त्या दिवशी तीन तापलेले होते आणि चौथा, क्लीनर साइडचा म्हणजे डावीकडचा मागचा, नुसता कोमट. आधी मला बरंच वाटलं. चला, एक तरी चाक गार आहे.

अर्धा चहा पोटात गेल्यावर डोकं चाललं. तीन तापलेत आणि एक गार आहे, म्हणजे ब्रेक तीनच चाकांना लागतोय. वाकून मोबाइलची बॅटरी मारली तर आतल्या टायरच्या गालावर तेलाचे शिंतोडे, त्यावर धूळ बसून काळी साय धरलेली. बोट लावून हुंगलं. गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तेल अडवणारं रबरी सील गेलं होतं आणि मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, तेल थेट ब्रेक लायनरवर, ड्रमला घासणाऱ्या अस्तरावर, येत होतं.

पुढे कात्रजचा नवा बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा उतार. त्या उताराबद्दल गाडीवाल्यांना सांगायची गरज नाही. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथं एका अवजड गाडीनं वीसच्या वर गाड्यांना ठोकरलं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून, कधी तर इंजिन बंद करून उतरणारे अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपायला लागते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. मी तो उतार तिसऱ्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक लावून, डाव्या कडेनं उतरलो. मागून कारवाल्यांनी हॉर्नचा नुसता गोंधळ घातला होता. घाला म्हटलं.

वाशीला माल उतरवून रिकामी गाडी सांगलीला आणली आणि एका मिस्त्रीकडे लावली. त्यानं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला, सील बदललं, लायनर पेट्रोलनं धुतलं, संध्याकाळी गाडी दिली. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच: तीन गरम, एक कोमट.

माझी गाडी टाटा १६१३, २०१२ची. नवीन लोकांसाठी सांगतो, यातले पहिले दोन आकडे गाडी आणि माल मिळून होणाऱ्या टनांचे आणि पुढचे दोन ताकदीचे. सोळा टन, एकशेतीस हॉर्सपॉवर. जुनी १२१० तशीच, बारा टन आणि शंभर. आठ वर्षं उलटलेल्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, लागतं, आणि माझी तर महिन्याभरापूर्वीच पासिंग करून आणलेली. केबिनला रंग, चासीला काळा हात, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी चमकणारी पट्टी, सगळं नवरीसारखं. आणि महिन्यात ही तऱ्हा.

आमचा अड्डा सांगली-मिरज रस्त्याच्या आत, एका बंद वखारीच्या आवारात आहे. संध्याकाळी आठ-दहा गाड्या लागतात. कुणी ग्रीस मारत असतं, कुणी कमानीचा पाटा बदलत असतं, बाकीचे टायरवर बसून सल्ले देत असतात. सल्ला देणाऱ्यांची संख्या काम करणाऱ्यांच्या कायम तिप्पट. इथं प्रत्येकाकडे एखादं हत्यार असं आहे की ते दुसऱ्याकडे नाही. पैलवानांकडे वीस टनी जॅक आणि लोखंडी घोड्या. लेथवाल्याच्या पोराकडे डायल गेज, बारीक माप दाखवणारं काट्याचं हत्यार. माझ्याकडे टपारियाच्या रिंग पान्यांचा पूर्ण संच, नाशिकच्या सातपूरचा माल. त्यातला एकोणीस नंबरचा सतत कुणाच्या तरी हातात असतो. आणि आबांकडे हब पाना.

आबा म्हणजे अड्ड्यावरचे सगळ्यात जुने मालक. बारा-दहावर, त्या जुन्या १२१०वर, क्लीनर म्हणून चढलेले, आता स्वतःच्या दोन गाड्या. त्यांच्या पेटीत गेडोरचे जुने पाने आहेत, त्यावरची अक्षरं झिजून गेलीत, पण तोंड अजून नटावर असं बसतं की सुईभर हलत नाही. हे पाने ते देतात, नाही म्हणत नाहीत. फक्त एक नियम: पाना नेताना उजवी चप्पल ठेवून जायची. एका पायात चप्पल घालून कुणी मिरजेला जात नाही, हा त्यातला हिशेब.

तेलाची गोष्ट काढल्याबरोबर प्रत्येकाचं निदान तयार.

“सील डुप्लिकेट घातलं असणार,” पैलवान म्हणाले. “पाकीट बघितलं होतंस का?”

“पाकीट काय, पाकीटपण डुप्लिकेट निघतंय आता.”

“बेअरिंग ढिलं असंल. हब डुगडुगायला लागला की नवं सीलबी टिकत न्हाई.”

“तेल जास्त भरलंय का बघ आधी.”

आबा काही बोलले नाहीत. तंबाखू मळत माझ्या गाडीकडे बघत होते. मी म्हटलं, या वेळी मीच उघडतो. मिस्त्रीला पुन्हा दिली तर तो पुन्हा सीलच बदलणार.

रविवारी सकाळी सुरुवात केली. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून उट्या लावल्या. उट्यांचं महत्त्व यासाठी की मागचं चाक फिरवून बघायचं तर हँडब्रेक सोडावा लागतो, मग गाडीला धरून ठेवायला फक्त त्या उट्याच. जॅक लावून एक्सल उचलला, खाली घोडी सरकवली, घोडीशेजारी लाकडी ओंडका. पैलवान म्हणतात की जॅक उचलण्यासाठी असतो, भरवशासाठी नसतो. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी बघितली की वाद घालायची इच्छा होत नाही.

मग चाकाचे नट. आणि इथं मी माती खाल्ली.

पंक्चरवाल्याकडे एअर गन असते, त्यामुळे हातानं नट सोडायची वेळ मला वर्षानुवर्षं आली नव्हती. बत्तीसचा व्हील पाना लावला, त्यात चार फुटी पाइप घातला आणि नेहमीसारखा घड्याळाच्या उलट दिशेनं जोर लावला. हलेना. पाइपवर उभा राहिलो. तरी हलेना. गंजलाय म्हणून वर एक उडी मारली. टणकन आवाज झाला, पाना सटकला, मी मातीत. मला वाटलं नट सुटला. नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटला होता.

मागून आबांचा आवाज: “बाजू कुठली हाय?”

क्लीनर साइड. आमच्या गाडीला क्लीनर साइडला उलटी आटी. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून डाव्या बाजूला डावी आटी ठेवायची, ही जुनी पद्धत. स्टडच्या तोंडावर ‘एल’ अक्षर ठोकलेलं असतं, मी बसल्या जागी शंभर वेळा बघितलेलं. मी वीस मिनिटं घाम गाळून नट सोडत नव्हतो, आवळत होतो. वखारीत त्या दिवशी दुसरा विषय निघाला नाही. पैलवानांचा पुतण्या अजूनही मला बघितलं की हवेत पाना उलटा फिरवून दाखवतो.

बाकीचे नट योग्य दिशेनं सोडले. चाकं काढली. एक्सलच्या फ्लँजचे बोल्ट काढले, फ्लँजला कडेनं घणाचे दोन ठोके दिले आणि शाफ्ट बाहेर ओढला. खाली जुनी पाटी ठेवली होती तरी अर्धा लिटर तेल मातीत गेलंच. ड्रम येईना. झिजलेल्या ड्रमच्या कडेला एक उंच ओठ तयार होतो, त्याला ब्रेक शू अडकतात. आधी स्लॅक अॅडजेस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करणारा भाग, मागे फिरवून शू आत घ्यायचे, मग ड्रम ओढायचा; उगीच हातोडा घालणाऱ्यांचे ड्रम तडकतात.

नंतर हब. लॉक नटामागे पत्र्याचं वॉशर असतं, त्याची दुमडलेली जीभ छिन्नीनं सरळ केली. आता हब पाना लागणार. मी आबांकडे गेलो, उजवी चप्पल काढून त्यांच्या पेटीशेजारी ठेवली आणि पाना घेऊन एका पायावर उड्या मारत परत आलो, कारण जमीन तापलेली होती.

हब बाहेर आल्यावर पहिल्यांदा ग्रीस बघायचं. बेअरिंगमधलं ग्रीस तांबूस आणि घट्ट असायला हवं. माझं ताकासारखं पातळ, वर तेलाचा तवंग. आबा जवळ आले, एक्सलच्या नळीवर सील जिथं बसतं त्या कडीवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं आणि माझा हात धरून माझंही नख तिथं फिरवलं. नख अडकत होतं. वर्षानुवर्षं सीलचा ओठ एकाच जागी घासून कडीला गोल चर पडला होता. नवं सील घातलं तरी त्या चरातून तेल येणार. मिस्त्रीनं नख फिरवलं नव्हतं.

झालं, कारण सापडलं, असं सगळ्यांचं एकमत झालं. नवी कडी, नवं सील. लायनरवरून मात्र वाद झाला. पैलवानांचं म्हणणं, लायनर फेकायचे कशाला, डिझेलनं धुऊन जाळून घे, तेल जळून जातं. त्यांनी आयुष्यभर असंच केलंय. मला ते पटत नाही. तेल लायनरच्या अंगात मुरतं. वरून कोरडा दिसला तरी घाटात तापला की पुन्हा घाम सुटल्यासारखं बाहेर येतं. जाळलं तर लायनरच्या मालाला धरून ठेवणारा राळेचा भागही जळतो. मी दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, दोन्ही बाजूंचे यासाठी की एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने असले तर ब्रेक एकसारखा बसत नाही. ड्रम लेथवर टर्न करून आणले. लेथवाल्याचा पोरगा हवेचा पाइप घेऊन शूवरची धूळ उडवायला निघाला, त्याला थांबवलं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ओल्या फडक्यानं पूस म्हटलं. त्यानं माझ्याकडे शहरातून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, पण पुसलं.

बेअरिंग भरायचं काम मला मनापासून आवडतं. रॉकेलनं धुऊन, वाळवून घ्यायचं. हवेच्या झोतावर गरगर फिरवून आवाज काढायचा मोह आवरायचा, कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर रोलर खराब होतात. डाव्या तळहातावर एपी-३ ग्रीसचा लाडवाएवढा गोळा घ्यायचा, उजव्या हातात बेअरिंग धरून त्याची रुंद कड त्या गोळ्यावर आपटत राहायची, पुरण दाबल्यासारखी. थोड्या वेळानं वरच्या फटीतून, दोन रोलरच्या मधून, ग्रीसचे छोटे किडे बाहेर डोकावतात. ते दिसले की तेवढा भाग भरला; बेअरिंग थोडं फिरवायचं आणि पुढचा भाग. हबची पोकळी मात्र ठासून भरायची नाही. ग्रीसला फुगायला जागा लागते, नाहीतर हब तापतो.

मग नट सेट करणं, खरी कसरत हीच. हब हातानं फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात; मग थोडा मागे घ्यायचा, म्हणजे केसभर खेळ राहतो. घट्ट राहिला तर बेअरिंग जळतं, ढिला राहिला तर हब डुगडुगतो आणि सील खातो. पुस्तकातला आकडा अडीच शतांशापासून सव्वा दशांशापर्यंत, म्हणजे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर. आबांनी ना पुस्तक बघितलं ना गेज. नट आवळला, हब तीन वेळा फिरवला, नट मागे घेतला, दोन्ही हातांनी हब धरून पुढे-मागे हलवला, मान हलवली. लेथवाल्याच्या पोराला राहवेना, त्यानं डायल गेज लावलं. काटा ०.०८वर. कुणी काही बोललं नाही. आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

शू ड्रमला लागेपर्यंत अॅडजेस्टर आवळला, चाक मोकळं फिरेल इतका मागे घेतला, नवा स्टड ठोकला, शाफ्ट, चाकं, तेल. अंधार पडला. अंगावर ग्रीसचा दुसरा शर्ट. घरी बायकोनं दारातूनच विचारलं, “एक चप्पल कुठाय?”

तीन आठवडे गाडी कोरडी. मी अड्ड्यावर जरा छाती काढून फिरत होतो, मिस्त्री लोकांना नावं ठेवत होतो. चौथ्या आठवड्यात शिरवळला हात लावला. तीन गरम, एक कोमट.

त्या फेरीहून परत आलो ते थेट आवारात. गाडी नुकतीच थांबलेली, एक्सलचा भोपळा, म्हणजे डिफरन्शियलचा फुगीर भाग, तापलेला. मी आबांना म्हटलं, “आबा, आता काय एक्सलच बदलू का?” त्यांनी पुन्हा तो प्रश्न न विचारता बघण्याचा कार्यक्रम केला. मग म्हणाले, “पासिंग कवा केलंस?”

“तीन महिने झाले.”

“तेल गळायला लागलं त्याच्या आधी का नंतर?”

“नंतर. महिन्याभरानं.”

“पाना घे आणि तेल भरायचा बूच सैल कर. उघडू नगंस. सैल कर. तोंड बाजूला ठेव.”

खाली आडवा झालो आणि बूच दोन आटे फिरवला. कुकरची शिट्टी उडताना होतो तसा आवाज: फुस्सऽऽ. गरम तेलाचा वास नाकात भरला. एक्सलच्या आत हवा कोंडली होती. मी खालून बाहेर आलो तेव्हा आबा मागच्या बाजूला वाकून भोपळ्याच्या माथ्यावर बोटानं काहीतरी खरवडत होते. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली एक छोटी टोपी दिसली. ब्रीदर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडी चालते तसं डिफरन्शियलमधलं तेल तापतं, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला एक्सलच्या वर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो. त्याची टोपी हातानं हलली पाहिजे, वर-खाली व्हायला पाहिजे. ती बंद झाली की हवा दुसरी वाट शोधते, आणि एक्सलमध्ये सगळ्यात नाजूक दार सीलचं. रबराचा ओठ तेलाला अडवायला केलेला असतो, दाब अडवायला नाही. चर पडलेली कडी ही खरी भानगड होती, पण अर्धीच. दाब दोन्ही बाजूंना सारखाच होता. क्लीनर साइडची कडी झिजलेली म्हणून तिकडून आधी फुटलं. कडी बदलली तशी गळायला तीन आठवडे जास्त लागले, इतकंच.

आणि तो ब्रीदर कुणी बंद केला? मी. पासिंगला चासी काळी करताना रंगाऱ्याला मीच सांगितलं होतं, “खालून वरून, एक इंच सोडू नको.” त्यानं इमानदारीनं एक इंच सोडला नाही. आधी उसाच्या शेतातल्या चिखलाचा थर, त्यावर दोन हात काळा ऑइल पेंट. शंभर-सव्वाशे रुपयांची ती टोपी, आणि माझे तीन वेळचं सील, दोन्ही बाजूंचे लायनर, ड्रमचं टर्निंग, एक स्टड आणि मोडलेल्या दोन फेऱ्या. लायनरचा दुसरा संचही गेला, तो वेगळाच.

आबांना विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? म्हणाले, “पयल्या दिवशी मला तरी कुठं ठावं होतं? कडी दिसली, मलाबी वाटलं तीच हाय. तीन हप्त्यानं परत आलं म्हटल्यावर डोस्कं चाललं.” म्हणजे ते गप्प बसून बघत होते ते काही गुपित राखून नव्हे. त्यांनाही माहीत नव्हतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच खेळ, या वेळी नट बरोबर दिशेनं. नवा ब्रीदर बसवला. रंगाऱ्याकडे आता गाडी जाते तेव्हा ब्रीदरवर, ग्रीस निपलवर आणि अॅडजेस्टरवर मी स्वतः चिंध्या बांधतो. तो विचारतो, “शेठ, एवढं काय दडवताय?” तिसरं सील अजून कोरडं आहे, शिरवळला चारही ड्रम सारखेच भाजतात.

हब पाना मात्र त्या गडबडीत माझ्याच पेटीत राहून गेला होता. परवा पेटी उपसताना सापडला, तसाच घेऊन आबांकडे गेलो. पाना दिला, चप्पल मागितली. त्यांनी पेटीमागे हात घालून चाचपलं आणि म्हणाले, “कुठली रं तुझी? हितं तीन हायत, तिन्ही उजव्या.”